केबल न पोचलेल्या वाडीत टीव्हीचे पर्याय: कागदावर चार, छपरावर किती?

डीटीएचच्या, म्हणजे छपरावरच्या छत्रीने थेट उपग्रहाकडून घेतल्या जाणाऱ्या टीव्हीच्या, बातम्या बहुधा शहराच्या नजरेतून लिहिलेल्या असतात. लोक छत्र्या काढून टाकताहेत, सगळं मोबाइलवर बघताहेत, असा त्यांचा सूर असतो. आकडे खोटे नाहीत. पैसे भरून डीटीएच बघणारी घरं २०२० मध्ये देशात ७ कोटींच्या आसपास होती, २०२५ मध्ये ती ६ कोटींच्या खाली आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअरटेल आणि टाटा प्ले यांच्यात विलीनीकरणाची बोलणी सुरू असल्याचं जाहीर झालं आणि मे महिन्यात ती मोडली. शहरातल्या ग्राहकाला या बातमीचं फारसं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या दाराशी केबलवाला आहे, फायबर आहे, नको असेल तर डीटीएच काढून टाकता येतं. पण घाटाखालच्या वाडीत किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर टीव्ही येतो तो आकाशातूनच. तिथे ‘कंपनी आवडली नाही तर बदला’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला बराच महाग पडतो. का, ते पाहू.

केबल वाडीपर्यंत का येत नाही?

केबलचा धंदा हा तारेचा धंदा आहे. मुख्य केंद्रातून फायबर निघते. गावाजवळच्या एका पेटीत तिचा सिग्नल तांब्याच्या तारेवर उतरतो आणि तिथून घरोघरी जातो. तांब्याच्या तारेत सिग्नल दर काही मीटरला क्षीण होत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर लावावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. वीज गेली की त्याच्या पुढची सगळी घरं अंधारात.

आता हिशोब करा. समजा बाजारपेठेच्या गावात एका किलोमीटरच्या तारेवर २०० घरं आहेत. घरटी ५ मीटर तार झाली. वाडीला जायला ३ किलोमीटर तार लागते आणि घरं आहेत १५. घरटी २०० मीटर. खर्च चाळीसपट, महिन्याची वसुली मात्र घरामागे तेवढीच. त्यात रस्ता रुंदीकरणात जेसीबी तार तोडणार, पावसात झाड पडून खांब आडवा होणार. केबलवाला वाडीत येत नाही यात त्याचा आळस नाही, गणितच जुळत नाही.

एके काळी काही गावांत दोन-तीन मोठ्या छत्र्या लावून पंचवीस-तीस वाहिन्या दाखवणारे छोटे केबलचालक होते. डिजिटायझेशनचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. त्यानंतर कुलूपबंद सिग्नल आणि प्रत्येक घरी बॉक्स हे बंधन आलं. मोठ्या वितरकाशी तार जोडल्याशिवाय गावात केबल चालवणं शक्य राहिलं नाही.

मग चार कंपन्या आहेत, ते काय कमी आहेत?

पैसे घेऊन डीटीएच देणाऱ्या आज चार कंपन्या आहेत: टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट. दुकानात पाच नावं दिसतात, कारण डीटूएच वेगळं विकलं जातं. पण व्हिडिओकॉन डीटूएच मार्च २०१८ मध्येच डिश टीव्हीत विलीन झालं. म्हणजे डिशला कंटाळून डीटूएच घेणारा माणूस मालक बदलत नाही. सन डायरेक्टचा भर दक्षिणेकडच्या भाषांवर आहे, त्यामुळे मराठी घराच्या यादीत ती सहसा नसते. उरल्या तीन. यांशिवाय प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. ती २००४ पासून चालू आहे, महिन्याचे पैसे लागत नाहीत. तिच्याकडे पुढे येऊच.

नवी कंपनी का येत नाही? डीटीएच चालवायचं तर उपग्रहावरची जागा भाड्याने घ्यावी लागते. तिथल्या प्रक्षेपकाला ट्रान्सपाँडर म्हणतात. शेकडो वाहिन्या दाखवायला असे डझनावारी लागतात. टाटा प्लेसाठी जून २०२२ मध्ये सोडलेल्या जीसॅट-२४ या एका उपग्रहावर २४ ट्रान्सपाँडर आहेत आणि ते सगळे एकट्या त्या कंपनीने घेतले. त्यावर वार्षिक परवाना शुल्क आहे, बॉक्सचा साठा आहे, गावोगावचे वितरक आहेत. २००९ नंतर या धंद्यात नवी खासगी कंपनी उतरलेली नाही. उलट होत्या त्यातल्या कमी झाल्या. रिलायन्सची बिग टीव्ही २००८ मध्ये सुरू झाली, २०१७ अखेर मूळ मालकाने तिच्यातून अंग काढलं, पुढे नाव बदलून ती चालवण्याचा प्रयत्न झाला आणि २०१९ मध्ये ती बंदच पडली. ज्यांच्या घरी तिचे बॉक्स होते त्यांच्या हातात निव्वळ पत्र्याचा डबा राहिला. तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीवर चालत नव्हता.

छपरावरून आकाश किती दिसतं?

ही गोष्ट माहितीपत्रकात नसते, आणि वाडीतली निवड सगळ्यात आधी इथेच आटते.

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि आपल्याला एका जागी स्थिर दिसतात. पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचा ८८, डीडी फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५, एअरटेलचा १०८.२. रत्नागिरीच्या अंगणात उभं राहिलं तर याचा अर्थ असा: टाटा प्लेसाठी छत्रीला दक्षिणेपासून जेमतेम ३० अंश पूर्वेकडे वळून जवळपास ६७ अंश वर बघावं लागतं. फ्री डिश आणि डिश टीव्ही दोन्ही आग्नेयेच्या थोडं पूर्वेला, साठीच्या जरा खाली. एअरटेलला मात्र पूर्वेकडे बरंच, दक्षिणेपासून ६७ अंश वळावं लागतं आणि उंची राहते फक्त ४५-४६ अंश. पूर्वेला जाल तसे हे कोन बदलतात. गडचिरोलीकडे टाटा प्लेचा उपग्रह जवळजवळ थेट दक्षिणेला येतो आणि एअरटेलचा ५० अंशांवर चढतो.

छत्री म्हणजे डोळा समजा. त्याच्या आणि उपग्रहाच्या मध्ये काहीही आलेलं चालत नाही, एक फांदीसुद्धा. कोकणात घर माड-पोफळीत बुडालेलं आणि पूर्वेला डोंगराची भिंत. ४५ अंशांवर बघणाऱ्या छत्रीसमोर तिच्यापेक्षा १० मीटर उंच माड असेल तर तो निदान १० मीटर लांब हवा. ६७ अंशांवर बघणाऱ्या छत्रीला तोच माड साडेचार मीटरवर असला तरी आड येत नाही. त्यामुळे एकाच अंगणात एका कंपनीची रेंज भरभक्कम आणि दुसरीची शून्य, असं होतं. यात कोणाची सेवा चांगली किंवा वाईट हा प्रश्नच नसतो.

तपासणी घरच्या घरी होते. मोबाइलमधलं होकायंत्र घ्या. महाराष्ट्रात त्याची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम एखाद्या अंशाचा पडतो. कोकणासाठी टाटा प्लेला १५०, डीटूएचला १३८, फ्री डिशला १२८, डिशला १२६, एअरटेलला ११३ अंश या दिशेला तोंड करा. मग हात सरळ लांब करून मूठ वळा. डोळ्यासमोर क्षितिजाच्या पातळीवर धरलेली एक मूठ सुमारे १० अंश मोजते. मुठीवर मूठ रचत साडेचार मुठी वर गेलात की एअरटेल, सहा मुठींच्या जरा खाली फ्री डिश आणि डिश, साडेसहा मुठींच्या थोडं खाली डीटूएच, पावणेसातला टाटा प्ले. त्या बिंदूवर निळं आकाश दिसलं पाहिजे. छत्रीचं तोंड कुठे आहे ते बघून मात्र अंदाज बांधू नका. घरगुती छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, कारण तिची सिग्नल पकडणारी नळी मधोमध नसून खालून पुढे आलेली असते.

आणि ही तपासणी पावसाळ्यातली झाडं डोळ्यांपुढे आणून करा. साग, ऐन, किंजळ उन्हाळ्यात निष्पर्ण असतात. एप्रिलमध्ये त्यांच्या काटक्यांतून रेंज छान मिळते, जुलैत पालवी भरली की जाते, आणि दोष पावसाच्या माथी बसतो.

पण पावसात एका कंपनीची रेंज जाते, दुसरीची जात नाही, असं म्हणतात

पावसाचे थेंब सिग्नल खातात हे खरं, पण सगळ्या डीटीएच कंपन्या एकाच जातीच्या लहरी वापरतात. त्यांना केयू बँड म्हणतात. त्यामुळे ‘अमुक कंपनी पावसात चालते’ याला तसा आधार नाही. थोडा फरक पडतो तो कोनामुळे: ४५ अंशांवरून येणारा सिग्नल ६७ अंशांवरून येणाऱ्यापेक्षा पावसातून जवळजवळ तीस टक्के जास्त अंतर कापतो. खरा फरक मात्र छत्री नेमकी बसवण्यात आहे. कोरड्या दिवसात अंश-दीड अंश चुकलेली छत्रीसुद्धा चित्र देते, पण तिच्याकडे शिल्लक काही नसते. पहिली सर आली की गेली. म्हणून बसवणाऱ्याला ‘चित्र आलं’ एवढ्यावर सोडू नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे असतात. त्यातली गुणवत्ता जास्तीत जास्त होईपर्यंत छत्री केसाकेसाने हलवायला लावा. मुसळधार पावसाच्या पट्ट्यात ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर सिग्नल गोळा करणारं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. कुठलीही कंपनी बदलून एवढा फायदा होत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे नळीला तार जोडतात तो सांधा. तिथे पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. सांध्याच्या अलीकडे तारेला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सांध्यात जाणार नाही. खाऱ्या वाऱ्याच्या गावात नटांना ग्रीस लावून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी छत्री फिरवायला हॅकसॉ लागेल.

कंपनी बदलायला बॉक्स का बदलावा लागतो?

छत्री आणि तिची नळी सगळ्यांची जवळपास सारखीच असते. बॉक्सही आतून फारसे वेगळे नसतात. फरक कुलपाचा आहे. प्रत्येक कंपनी सिग्नल कुलूप लावून पाठवते आणि किल्ली त्या कंपनीच्या बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते. दुसऱ्याच्या किल्लीने हे कुलूप उघडत नाही. मोबाइलमधलं सिम काढून दुसरं घालता येतं, फोन तोच राहतो. इथे सिम फोनला डाक देऊन चिकटवलेलं आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. टीव्हीच्या बॉक्सला तशी सोय अजून नाही.

याला कायदा आड येत नाही, उलट परवान्यात २००१ पासून लिहिलेलं आहे की बॉक्स खुल्या रचनेचा, वेगवेगळ्या कंपन्यांवर चालू शकणारा असावा. ती अट पाळण्यासाठी बॉक्सला एक खाच ठेवायची पद्धत होती. खाचेत दुसऱ्या कंपनीची किल्ली असलेलं मॉड्यूल घातलं की झालं. पण मॉड्यूलची किंमत नव्या बॉक्सच्या आसपास आणि बाजारात ते मिळत नाही. मग खाचेचा उपयोग काय? १० एप्रिल २०२० रोजी ट्राय या नियामक संस्थेने सरकारला शिफारस केली की सर्व बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालतील असेच असावेत, आणि त्यासाठी स्वस्त, पेनड्राइव्हसारख्या मॉड्यूलचा मार्गही सुचवला. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. दुकानात आजही कुलूपबंद बॉक्सच मिळतो.

कंपन्यांचं म्हणणं असं की बॉक्स आम्ही तोटा सोसून स्वस्तात देतो, ग्राहक दुसरीकडे गेला तर आमचे पैसे बुडतात. सुरुवातीच्या काळात यात तथ्य होतं. पण त्यावर उपाय मुदतीचा करार हा आहे: दोन वर्षं आमच्याकडे राहा, नंतर बॉक्स तुमचा आणि खुला. आठ वर्षं रिचार्ज भरलेल्या घराचा बॉक्स अजूनही बंदिस्त का असावा, याचं समाधानकारक उत्तर मला तरी दिसत नाही. शहरात हा बॉक्स टाकून दिला तर केबल आहे. वाडीत टाकून द्यायचा म्हणजे नवा बॉक्स, बसवणाऱ्याचा तालुक्याहून येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरी. शंभर-दीडशे रुपये महिना वाचवण्यासाठी दीड-दोन हजार आधी घालायचे. त्यामुळे लोक बदलत नाहीत, आणि न बदलणाऱ्या ग्राहकाची मनधरणी कोणी करत नाही.

दर तर सरकारने ठरवलेले आहेत ना?

अर्धवट. फेब्रुवारी २०१९ पासून बिलाचे दोन भाग झाले. एक वाहिनीची किंमत, जी वाहिनीचा मालक ठरवतो आणि केबल असो की डीटीएच, तीच जाहीर असते. दुसरा नेटवर्क शुल्क, म्हणजे सिग्नल घरापर्यंत आणून देण्याचं भाडं. या भाड्यावर १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. समजा १९ रुपयांच्या तीन वाहिन्या घेतल्या तर १३० अधिक ५७ म्हणजे १८७, आणि करासह २२० रुपये ६६ पैसे.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची ती मर्यादा उठवली. कंपनीला आता प्रदेशानुसार वेगळं शुल्क लावायचीही मुभा आहे. फक्त ते जाहीर करायला हवं. बसवण्याचे ३५० आणि कनेक्शन चालू करण्याचे १०० रुपये अशाही मर्यादा होत्या, त्याही गेल्या. जिथे चार स्पर्धक आहेत तिथे ग्राहक निघून जाईल ही भीती दर खाली ठेवते. जिथे झाडामुळे दोनच उरतात आणि बॉक्समुळे एकच, तिथे ही भीती कोणाला वाटणार? कंपन्या आज देशभर बहुधा सारखे दर ठेवतात ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण तो त्यांचा निर्णय आहे, ग्राहकाचा हक्क नाही.

ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही, घ्या की मग!

जिथे केबलची तार पोचली नाही तिथे घरगुती फायबरही सहसा पोचलेलं नसतं. अडचण तीच आहे. राहतो मोबाइल डेटा. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. घरात दिवसाला चार तास टीव्ही चालतो असं धरा. रोज २ जीबीचं रिचार्ज साध्या चित्रावरसुद्धा दोन तासांत संपेल, आणि तेही मोबाइलची रेंज घरात येत असेल तर. उपग्रहाच्या सिग्नलला मात्र किती तास बघितलं याचं मीटर नाही. आजी दिवसभर कीर्तन लावून बसली तरी बिल तेच.

आणि फ्री डिश?

साधारण दोन हजारांत छत्री आणि बॉक्स, पुढे शून्य. डीडी सह्याद्री तिथे आहे. अनेक वाड्यांसाठी हाच खरा दुसरा पर्याय आहे. पण खासगी वाहिन्या तिथे लिलावात जागा घेऊन येतात आणि जागेची मुदत साधारण एप्रिल ते मार्च अशी असते. १ एप्रिल २०२२ ला चार मोठ्या हिंदी करमणूक वाहिन्या एकदम बाहेर पडल्या होत्या. आज दिसणारी मालिका पुढच्या एप्रिलनंतर दिसेलच असं नाही.

पैसे भरणाऱ्यांनाही फ्री डिशचा एक उपयोग आहे. जी वाहिनी फ्री डिशवर मोफत मिळते ती इतर सर्व सेवांवरही मोफत म्हणून जाहीर करावी लागते, असा २०२४ च्या दुरुस्तीत नियम आहे. तुमच्या पॅकमध्ये अशा वाहिनीचे पैसे लावलेले नाहीत ना, ते एकदा बिल उघडून बघा.

बदलायचंच ठरवलं तर

आधी आकाश तपासा, वर सांगितलं तसं. मग आठवडाभर घरात खरोखर कोणत्या वाहिन्या लागतात ते कागदावर लिहा. यादी सहसा बारा-पंधराच्या पुढे जात नाही, आणि महागड्या पॅकची गरज तिथेच संपते. दुकानदाराला विचारा की बॉक्स विकत आहे की भाड्याने, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. जुनी छत्री आणि नळी चांगल्या स्थितीत असतील तर ‘फक्त बॉक्स आणि फिटिंग’ असाच भाव मागा. बसवणारा नवी छत्री गळ्यात मारायला बघेल, पण तिची गरज क्वचितच असते. पहिलं रिचार्ज एकाच महिन्याचं करा. वर्षाचं एकदम भरलं आणि श्रावणात कळलं की फणस आड येतोय, तर पैसे परत मिळवणं जिकिरीचं होतं. तक्रार केलीत तर तिचा नंबर लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ असा क्रम आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

आणि जुनी छत्री फिरवण्याआधी खांबावर आणि छत्रीच्या पट्टीवर मिळून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा, उंचीच्या नटाशी दुसरी. नव्या कंपनीची रेंज नाहीच बसली तर दोन्ही रेघा जुळवल्या की छत्री जुन्या जागेच्या अगदी जवळ येते, आणि तालुक्याच्या माणसाची वाट बघत आठ दिवस बसावं लागत नाही.